यंत्राय नमः

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात परवा चहा-फराळाच्या यंत्राचे सादरीकरण झाले. आम्ही या उपक्रमाचे मनःपूर्वक स्वागत करतो. आजवर चहाच्या निमित्ताने पाच-सहा माणसे खाली टपरीवर जात आणि चक्क एकमेकांशी बोलत. ही गळती आता थांबेल. यंत्र गप्पा मारत नाही, वही ठेवत नाही, 'आज आलं जास्त टाकू का, ताई?' असले खासगी प्रश्न विचारत नाही.

कोड स्कॅन करा, यूपीआयने वीस रुपये भरा. स्प्रिंग फिरते, चिवड्याचे पाकीट डुलत पुढे येते आणि काचेला टेकून थांबते. प्रात्यक्षिकातही थांबले. अशा वेळी यंत्राला हळूच खांदा द्यावा, असे विक्रेत्याने सुचवले. व्यायामाचा वेगळा आकार नाही.

आमची एकच नम्र सूचना होती: शाबासकी, पगारवाढ आणि रजेची मंजुरीही त्याच स्प्रिंगांत बसवावी. आत्ताही या गोष्टी काचेपर्यंत येतातच. साहेबांनी ही सूचना इतिवृत्तात घेतली नाही.

यंत्राचा प्रस्ताव मात्र एकमताने मंजूर झाला. मग पाहुण्यांसाठी टपरीवरून अकरा कटिंग मागवले. उधारीवर.