रुंदी न बघता चौक काढणाऱ्या डिझायनर साहेबांस



तुमचं चौकाचं ड्रॉइंग मिळालं. काय ती शिस्त! चारही रस्त्यांना लेन बरोब्बर ३.६ मीटर, मध्यरेषेच्या दोन्हीकडे सारखी. इंडियन रोड्स काँग्रेस लेनला ३.५ मीटर धरते. वरचे दहा सेंटीमीटर सिव्हिल थ्रीडी सॉफ्टवेअरच्या तयार सबअसेंब्लीने दिले आणि तुम्ही ते प्रसाद म्हणून घेतले.

जागेवर मात्र उत्तरेचा रस्ता बसथांब्यापासून रुंदावतो, पूर्वेचा एकाच अंगाने फुगतो आणि दक्षिणेचा देवळाच्या ओट्यापाशी आक्रसतो. सर्व्हेयरने हे सगळं टोटल स्टेशन लावून मोजून दिलं होतं. तुमच्या फायलीत त्या मोजणीचा लेअर फ्रीझ केलेला सापडला. तुमच्या आखणीनुसार आमचा कर्ब ओट्यातून आरपार जातो. देवाला अजून कळवलेलं नाही.

आता सॉफ्टवेअरवर खापर फोडू नका. इंटरसेक्शनचा विझार्ड डाव्या-उजव्या बाजूचे ऑफसेट वेगवेगळे विचारतो. तुम्ही 'नेक्स्ट' दाबत गेलात. वाटेत रुंदी बदलत असेल तर ऑफसेट अलाइनमेंटला वायडनिंग देता येतं. कड फारच वेडीवाकडी असेल तर तिच्यावरून पॉलिलाइन ओढायची आणि कॉरिडॉरच्या टार्गेटमध्ये रुंदीसाठी निवडायची. लेन आपला हट्ट सोडून निमूट त्या रेषेपर्यंत जाते. चौकापुरती टार्गेट्स विझार्डनेच लावली. पुढच्या रीजनमध्ये, जिथे तुमची गरज होती, तिथे ओळीमागून ओळ 'नन'. एवढं वैराग्य आळंदीला जाऊनही येत नाही!

नुसती रुंदी चुकली असती तरी निभावलं असतं. पण रुंदीबरोबर लेव्हल जाते. अडीच टक्के कॅम्बर धरला तर मध्यरेषेपासून ३.६ मीटरवरची कड ९ सेंटीमीटर खाली असते, ६ मीटरवरची १५. या सहा सेंटीमीटरच्या फरकाची तुमच्या कर्ब रिटर्नच्या (कोपऱ्यावर वळणाऱ्या कर्बच्या) प्रोफाइलला गंधवार्ताही नाही. ईशान्येच्या कोपऱ्यात त्यामुळे खासा खळगा तयार झालाय, आणि गटाराची जाळी दाखवलीय वळणापलीकडे, उंचावर. पाण्याने चढून जावं अशी अपेक्षा असावी.

शिवाय वळणावर क्रॉस-सेक्शन दर २५ मीटरला! नऊ मीटर त्रिज्येचं काटकोनी वळण मुळात जेमतेम १४ मीटर लांब. म्हणून मॉडेलमध्ये तुमचा कोपरा गोल नाही, सुरीने कापल्यासारखा सरळ आहे. बस वळवणाऱ्या ड्रायव्हरने तिथे काय करायचं, हे ड्रॉइंगच्या नोट्समध्ये नाही.

तेव्हा कृपा करून तो मोजणीचा लेअर उघडा, एकदा जागेवर या, टार्गेट्स लावा आणि चारही कोपऱ्यांच्या लेव्हल्स लिहिलेलं सुधारित ड्रॉइंग पाठवा. तोवर आम्ही कर्बला हात लावणार नाही.

आपला,
साइट इंजिनिअर