दाढी झाली, आता भूमिका

ऐतिहासिक भूमिका मिळाली की हल्लीचा नट आधी दाढी वाढवतो, मग जिम गाठतो, मग घोड्यावर बसल्याचा व्हिडिओ टाकतो. दांडपट्टाही शिकतो, उत्तमच. संहिता मात्र प्रयोगाला येताना, वाशी खाडीपुलावरच्या कोंडीत वाचायची!

मग विष्णुदास भावे नाट्यगृहाचा पडदा उघडतो आणि कपाळाची शीर फुगते. आईसाहेबांशी बोलायचं तरी तोफ, पाणी मागायचं तरी गर्जना. मधेच जिरेटोपाची मोत्यांची लड डोळ्यावर येते, महाराज ती वैतागून बाजूला सारतात. अख्ख्या अंकात तेवढाच अभिनय खरा वाटतो.

वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आलं १९६२ साली. त्यात संभाजी गाजवणारे काशिनाथ घाणेकर पेशाने दंतवैद्य. नाटकात लढाई अशी नाहीच. आहे ती राजाच्या घरातली धुसफूस आणि बापलेकांची घालमेल. प्रेक्षकांना तीच पुरली.

तेव्हा दिग्दर्शकहो, एक विनंती. घोडेस्वारी सवडीने शिकवा. आधी महाराजांना समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकून घ्यायला शिकवा.