श्वानाचे अधिकारक्षेत्र

शिकारी कुत्र्याने सावज एकट्याने, म्हणजे धन्याच्या बंदुकीची, भाल्याची किंवा निदान उपस्थितीची वाट न पाहता, पकडावे की नाही, हा प्रश्न कुत्र्यांच्या समाजात कधी निघाला असेल असे वाटत नाही. तो माणसांनीच काढला, आणि ज्या अर्थी काढला त्या अर्थी त्यात माणसाचेच काहीतरी अडकलेले असले पाहिजे, असा आमचा प्रथमपासूनचा संशय आहे. ज्यांनी सरकारी कचेरीत चार दिवस काढले आहेत त्यांना हा संशय उलगडून सांगावा लागणार नाही. हाताखालचा कारकून प्रकरणे परभारे निकालात काढू लागला, तर शिरस्तेदाराने दिवसभर काय करावे, आणि साहेबाने सही तरी कशावर ठोकावी?

इंग्रज हा कचेरीचे मर्म जाणणारा प्राणी असल्यामुळे त्याने आपल्या कुत्र्यांची आस्थापना फार विचारपूर्वक लावली. पॉइंटर हा कुत्रा पक्ष्याचा वास लागताच पुढचा एक पाय उचलून, नाक त्या दिशेला रोखून, पुतळ्यासारखा निश्चल उभा राहतो. ‘येथे काहीतरी आहे, पुढील आदेश व्हावेत’ एवढीच त्याची टिप्पणी. सेटर तेच काम जमिनीशी दबून, म्हणजे अधिक नम्रपणे करतो. बार झाल्यानंतर मेलेला पक्षी उचलून आणणे हे रिट्रीव्हरचे काम, आणि त्याच्या अंगी मुख्य गुण कोणता पाहतात, तर तोंडाचा मऊपणा: हुजुरापुढे ठेवावयाच्या मुद्देमालावर दाताची खूणसुद्धा उमटता कामा नये. शोधणारा निराळा, आणणारा निराळा, आणि मधली पकडण्याची क्रिया, जी कोणत्याही कुत्र्याला आईच्या पोटातूनच येते, ती तेवढी बंदूकधाऱ्यासाठी राखीव. याहून निर्दोष कार्यविभागणी आमच्या सचिवालयासही साधलेली नाही.

कोल्ह्याच्या शिकारीत मात्र पंचाईत होती. तेथे कुत्र्यांचा ताफा वास काढतो, धावतो, गाठतो आणि मारतोही. घोड्यावर बसलेल्या सभ्य गृहस्थाने मागून येऊन कुंपणे ओलांडावीत, चिखलात पडावे आणि अखेरीस सर्व काही आटोपल्याचे पाहावे. काम उरले नाही म्हणून हुद्दे निर्माण करण्यात आले. मास्टर झाला, हंट्समन झाला, कळप सोडून भलतीकडे जाणाऱ्या कुत्र्यांना चाबकाने आत हाकणारा व्हिपर-इन झाला. परिभाषाही अशी घडविण्यात आली की परक्या माणसाने पहिल्याच वाक्यात आपले अज्ञान कबूल करावे: तांबडाभडक कोट ‘गुलाबी’ म्हणावयाचा, कुत्र्यांना कुत्रे म्हणावयाचे नाही, आणि त्यांची मोजणी जोड्यांनी करावयाची, पस्तीस असतील तर साडेसतरा जोड्या. त्या व्हिपर-इनचेच नाव पुढे पार्लमेंटात जाऊन ‘व्हिप’ झाले आणि आपल्या विधानसभेत संस्कृत वेष धारण करून ‘प्रतोद’ म्हणून बसले. खरा प्रतोद कोणाचा, याचा निवाडा मागण्यासाठी महाराष्ट्राला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तेथे जोड्या किती होत्या याचा हिशेब आम्ही करू इच्छीत नाही.

अशा या विलायतेत 2004 साली कायदा झाला. सरदारसभेने तो अडविला, लोकसभागृहाने पार्लमेंट ॲक्टचा जुना हत्यार-खाना उघडून तो तिच्या संमतीवाचून पुढे रेटला, आणि 18 फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्याची शिकार करण्यास मनाई झाली. मनाई म्हटली की मुभा आलीच. कुत्र्यांनी झुडुपातून कोल्हा उठवावा, पण दोहोंहून अधिक कुत्र्यांनी उठवू नये, आणि उठल्यावर त्याला पकडू नये. तो माणसाने शक्य तितक्या लवकर गोळी घालून मारावा. बिळात एकाच कुत्र्याने उतरावे, आणि तेही कोणाच्या रक्षणार्थ, तर जे पक्षी मालकाने पुढे स्वतः गोळी घालण्यासाठी राखून ठेवले आहेत त्यांच्या. अहिंसेचा इतका सूक्ष्म विचार आमच्या जैन मित्रांनीही केल्याचे ऐकिवात नाही. मोठ्या उंदरामागे कुत्रा सोडणे कायदेशीर, पिटुकल्या उंदरामागे सोडणे गुन्हा. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतात, त्यामुळे हे कलम आपल्याकडे भाषांतरातच गतप्राण झाले असते. सशामागे कुत्रे घालावयाचे तर ससा बिळात राहणारा आहे की उघड्यावर राहणारा, याची चौकशी आधी करावी. पहिल्यास संरक्षण नाही, दुसऱ्यास आहे.

शिकारी पक्ष्याने झडप घालावी म्हणून प्राणी उठवावयाचा असेल तर मात्र कुत्र्यांच्या संख्येला मर्यादा नाही, हे वकिलांच्या ध्यानी येताच काही शिकारमंडळे साडेसतरा जोड्यांबरोबर एक गरुडही मिरवू लागली. गरुडाने काही करावे अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती; त्याने हजेरीपुस्तकात असावे, एवढेच. ज्यांच्या कारकीर्दीत हा कायदा झाला त्या टोनी ब्लेअरसाहेबांनीच पुढे आत्मचरित्रात त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. गरुडाचे मत उपलब्ध नाही.

वस्तुतः हा घोळ इंग्रजांनी नव्याने घातला असे नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरियन नावाचा ग्रीक गृहस्थ रोमन साम्राज्यात कॅपाडोशियाचा सुभेदार होता; शिकंदराच्या स्वारीचा इतिहास लिहून उरलेल्या वेळात त्याने कुत्र्यांवर ग्रंथ रचला, आणि त्यात असे प्रतिपादिले की एका सशावर दोहोंहून अधिक कुत्रे सोडू नयेत, आणि खरा रसिक ससा पकडण्यासाठी नव्हे तर शर्यत पाहण्यासाठी येतो व ससा निसटला तर संतोषच पावतो. लँकेशायरातील वॉटरलू कप 1836 ते 2005 याच तत्त्वावर चालला. घोड्यावर बसलेला परीक्षक वेगाला गुण देई, सशाला वळविण्याला गुण देई, आणि पकडण्याला फारच थोडे. कुत्र्यांना हे गुणपत्रक कोणी वाचून दाखविले होते की नाही, कोण जाणे. ते जन्मभर ससा पकडण्याच्याच गैरसमजात धावले.

आमच्या दख्खनच्या कारवान्याला ही सूक्ष्मता मानवण्यासारखी नाही. लांब मानेचा, पाठीशी पोट लागलेला हा कुत्रा सशामागे सुटला की मालक ढेकळांतून धापा टाकीत पोहोचेपर्यंत काम संपलेले असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संपविले. आपल्याकडे पाठलागही शिकारच आणि प्रयत्नही शिकारच, त्यामुळे गरुड बाळगण्याची सोय राहिली नाही. कारवान्याच्या मुधोळच्या भाऊबंदांना टपाल खात्याने 2005 साली तिकिटावर बसविले आणि पुढे लष्कराने चाकरीत घेतले, म्हणजे दोन्हीकडे हुकुमाशिवाय हलता येणार नाही अशी तजवीज झाली.

या सर्व वादात आम्हांस साताऱ्याच्या शाहू महाराजांचा निवाडा पटतो. वाघाच्या शिकारीत त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने त्यांचे प्राण वाचविले, तेव्हा त्याने ते कोणत्या कलमान्वये आणि कोणाच्या परवानगीने वाचविले, अशी कैफियत महाराजांनी मागविली नाही. त्यांनी त्याला रत्नजडित वस्त्रे घातली, सनद करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला; इतिहासकार ग्रँट डफने हे कपाळाला आठी घालून नमूद केले आहे. खंड्याची समाधी संगम माहुलीस आजही दाखवितात. आता जहागीर म्हटली की वसूल आला, वसूल म्हटला की कारकून आला, आणि पालखी म्हटली की भोई आले. जो कुत्रा वाघापुढे एकटा उभा राहू शकला त्याला सारा गोळा करणे काही एकट्याने जमण्यासारखे नव्हते. तेथे माणसे नेमावीच लागली असतील, आणि त्यांनी खंड्याला मुजरा करूनच कामावर रुजू व्हावे लागत असणार.