बेरिंगची गाडी आणि मनालीचा शिवा

"अगं, खर्रर्र आवाज कशाचा येतोय म्हणून बघायला गेले, तर तुझा धाकटा! फळीवर उताणा झोपलाय, पाय पुढं, डोकं मागं, आणि वजनकाट्याच्या चढावरनं खाली सुटलाय. मागनं ढकलायला माझा नातू!"

"बघितलं अक्का. दोन धपाटेबी घातले."

"मग आज परत?"

"मग आज परत."

कुंपणाच्या तारेवर अक्कांचे टॉवेल वाळत होते. त्यामुळं अक्का दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता, आणि राग किती खरा, किती लटका ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्यांनी एक टॉवेल बाजूला सारला. हातात परात, परातीत निवडायची तूर. म्हणजे निवांत होत्या.

खरं सांगायचं तर चिंचोळी एमआयडीसीत पोरांना उतार मिळणार कुठं? पुण्याचा हायवे सरळ, कारखान्यांचे आतले रस्ते सरळ, चिंचोळीकाटीपासून कोंडी-पाकणीपर्यंत बघाल तिकडं सपाट. ट्रक वर चढवून वजन करायला काट्याला जो सिमेंटचा चढ केलाय, तेवढाच काय तो पोरांचा हिमालय. सुट्टीच्या दिवशी काटा बंद, ऑफिसला कुलूप. मग पोरं गाडी घेऊन हजर.

गाडी जप्त केली होती म्हणून मला ती नीट बघायला मिळाली. माल पॅकिंगच्या खोक्याच्या दोन फळ्या, मागं एक दांडा, पुढं एक आडवा दांडा. दांड्याची टोकं तासून त्यात बेरिंगं ठोकून बसवलेली. पुढचा दांडा मधोमध एकाच नटबोल्टवर, म्हणजे डावी-उजवीकडं वळतो. दोन्ही टोकांना सुतळी, तीच लगाम. बेरिंगं कुठली? आमच्या ह्यांच्या मेंटेनन्स खात्यातली. मोटारीतलं बेरिंग आवाज करायला लागलं की काढून भंगारात टाकतात. कारखान्याच्या लेखी ते मेलेलं, पोरांच्या लेखी अजून जन्मभर फिरणारं. मागच्या चाकाशेजारी जुन्या टायरचा तुकडा खिळ्यानं लोंबता ठेवलेला. तो ब्रेक म्हणे.

"पण उताणं झोपायचं कुणी शिकवलं?" अक्कांचा खरा सवाल हा होता. "आमचा भाऊ लहानपणी असल्या गाड्या करायचा, पण बसून चालवायचा, माणसासारखा."

"ह्यांनीच शिकवलं. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मनालीचा एक जण आहे, शिवा केशवन. चाकं लावलेल्या घसरगाडीवर उताणा पडून हिमालयाच्या घाटातनं खाली येतो. समोरनं ट्रक, मधेच मेंढरांचा कळप, आणि हा रस्त्यापासनं वीतभर उंचीवर."

"पिऊन?"

"पिऊन कशाला अक्का, ऑलिम्पिकची तयारी होती ती!"

परातीतला हात थांबला. मग मला सगळं सांगावंच लागलं. बर्फावर खेळतात तो खेळ, ल्यूज म्हणतात. डोंगराच्या उतारावर बर्फाची वळणावळणाची पन्हाळ केलेली असते, तीतून एकेकानं उताणं पडून, पाय पुढं करून सुटायचं. निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागावर लागतो. आपल्या देशात तसली पन्हाळ कुठली? मग ह्या माणसानं पोलादी पात्यांच्या जागी चाकं बसवली आणि डांबरी घाटालाच पन्हाळ मानलं.

"आणि ब्रेक?"

"ब्रेक नाही."

"स्टेरिंग?"

"पोटऱ्या. डाव्या पोटरीनं दाबलं की गाडी उजवीकडं, उजवीनं दाबलं की डावीकडं. शिवाय खांद्यानं वजन द्यायचं. थांबायचं झालं तर उठून बसायचं आणि पाय रस्त्याला लावायचे."

"म्हणजे बूट गेले."

"बूट गेले तरी चालतंय अक्का. पाय राहिले पाहिजेत."

अक्कांना माणसाचं कूळ कळल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही. बाप केरळचा, आई इटलीची, दोघं येऊन मनालीजवळ राहिलेले, हे ऐकून त्या जरा पुढं सरकल्या. पोरगा सनावरच्या शाळेत. १९९६ साली पंचकुल्याला ऑस्ट्रियाचा गुंथर लेमरर नावाचा जुना खेळाडू पोरं निवडायला आला होता, तिथंच हा पहिल्यांदा घसरगाडीवर झोपला. तीही चाकांचीच. १९९८ला जपानमध्ये नागानोला हिवाळी ऑलिम्पिक झालं, तेव्हा वय सोळा. अख्ख्या भारताकडून तो एकटा.

"कितवा आला?"

"अठ्ठाविसावा."

"हात्तिच्या!"

हे 'हात्तिच्या' मला आवडलं नाही, तसं सांगितलंही. डांबरावर शिकून बर्फावर गेलेलं पोरगं, ते अठ्ठाविसावं आलं ह्याचं नवल करायचं की ते सत्ताविसांच्या मागं राहिलं ह्याचं? त्या सत्ताविसांना घराजवळ बर्फ होता, मास्तर होता, सरकार होतं. पुढं इटलीवाल्यांनी विचारलं, आमच्याकडून खेळ, सगळी सोय करतो. आई तिकडचीच, हो म्हटलं असतं तर कोण काय बोललं असतं? नाही म्हणाला.

"लग्न झालंय का?"

"झालंय अक्का."

"बरं झालं." हे समाधान कशाचं, ते मी विचारलं नाही.

एका पाठोपाठ सहा ऑलिम्पिक खेळला तो, १९९८ ते २०१८. पदक एकदाही नाही. आशियात मात्र जिंकला. २०११ला नागानोलाच आशिया कपाचं सोनं घेतलं आणि ताशी १३४ किलोमीटरच्या वर वेग काढला. आपला हायवेवरचा ट्रक साठ-सत्तरनं जातो, त्याच्या दुप्पट, तेही पाठीवर. २०२०ला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण मला त्याची सोचीची गोष्ट जास्त आवडते. २०१४ साली. आपल्या ऑलिम्पिक संघटनेवर तेव्हा बंदी आलेली, म्हणून त्याला तिरंग्याखाली उतरताच आलं नाही, ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली उतरावं लागलं. बंदी उठली ती त्याची शर्यत संपल्यावर दोन दिवसांनी. त्याच सोचीत सराव करताना तो गाडीवरनं निसटला. गाडी पुढं, हा बर्फावर पालथा-उताणा घसरत तिच्या बाजूनं. आणि तसाच घसरता घसरता गाडी धरली, वर चढला, खाली शेवटापर्यंत गेला.

"चालत्या मोहोळ गाडीत चढतेत, तसं!" अक्का एकदम खुलल्या. परात कट्ट्यावर ठेवून टॉवेल पुरताच बाजूला केला.

"तसंच. फक्त कंडक्टर नाही."

हसण्यावारी न्यायचा खेळ मात्र नाही हा, हेही त्यांना सांगितलं. २०१०ला कॅनडात हा खेळणार होता, त्याच ऑलिम्पिकमध्ये उद्घाटनाच्या दिवशी सरावात जॉर्जिया देशाचा नोदार कुमारिताश्विली नावाचा खेळाडू पन्हाळीबाहेर फेकला गेला आणि लोखंडी खांबावर आपटून मेला. एकवीस वर्षांचा. तिथं डॉक्टर, अँब्युलन्स, सगळं हजर होतं तरी. शेवटी ताशी शंभराच्या वरचा वेग तो.

तेवढ्यात ह्यांनी आतून ओरडून आपली भर घातली. पोर्तुगालचं एक बेट आहे, मदेरा. तिथं मोंतेच्या टेकडीवरनं फुंशाल गावात माणसं वेताच्या सोफ्यात बसून खाली येतात, खाली लाकडी पट्ट्या, मागं पांढऱ्या कपड्यातले दोघे धरून धावतात, आणि त्यांच्या बुटांचे जाड रबरी तळवे हाच ब्रेक. एकोणिसाव्या शतकापासून चाललंय. अक्का म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या पोराचा टायरचा तुकडा बरोबर आहे की!" गाडीच्या बाजूनं त्यांनी दिलेलं हे पहिलं मत.

मग विषय भावावर गेला. अक्कांचे भाऊ ट्रकवर आहेत, इथनं टॉवेलचा माल घेऊन न्हावाशेवाच्या बंदराला जातात. अक्कांना त्यांचं भारी कौतुक. "तो तर म्हणतो, खंडाळा उतरताना डिझेलच लागत नाही. गिअर काढला की गाडी आपोआप खाली. कधीकधी तर इंजिनसुद्धा बंद करतो."

आता मी परात ठेवली. म्हणजे माझ्या हातात परात नव्हती, चहाचा कप होता, तो ठेवला.

कारण हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. बेरिंगच्या गाडीपेक्षा मोठा. पुण्यात नवले पुलाचं काय झालं होतं, आठवतंय ना? कात्रजच्या नव्या बोगद्यातनं बाहेर पडलं की तो लांबलचक उतार. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथं एक ट्रक खाली सुटला आणि कितीतरी गाड्यांना धडकला. उतारावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या तपासात आलं.

ह्यांनी बाहेर येऊन अक्कांना नीट समजावलं, अगदी कारखान्यात पोरांना समजावतात तसं. गिअरमध्ये असली की इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. न्यूट्रल केलं की सगळं ओझं ब्रेकवर. वीस-पंचवीस टनांचा ट्रक, ड्रम तापतात, तापले की पकडत नाहीत. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट, कारण ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, हवा भरायचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. ब्रेक दाबत गेलं की हवा संपत जाते. आणि वाचायचं म्हणाल तर डिझेल वाचतच नाही. आताच्या इंजिनात उतारावर गाडी गिअरमध्ये असली, पाय रेसवर नसला, की डिझेल आपोआप बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं जळतंच.

"मग हे सगळे ड्रायव्हर लोक काय खुळे हायत?"

खुळे नाहीत. पूर्वीच्या गाड्यांना थोडंफार वाचत असेल, वस्तादानं शिकवलं, ते पुढं चाललं. पण मला विचाराल तर मनालीचा तो शिवा वेडा नव्हे. आपल्याला ब्रेक नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून हेल्मेट घातलं, पोटऱ्या तयार केल्या, वळण न वळण पाठ केलं. वेडा तो, ज्याच्या गाडीला चांगले ब्रेक आहेत आणि दोन लिटर डिझेलसाठी जो ते काढून ठेवतो.

अक्का काही बोलल्या नाहीत. तूर परातीत एका बाजूला ओढली, खडा काढून फेकला.

धाकट्याचं काय करायचं ते आमचं ठरलंय: डोक्यावर हेल्मेट, काटा बंद असेल तेव्हाच, आणि हायवेच्या बाजूला तोंड करून गाडी लावायची नाही. तुमचं तेवढं एक काम करा अक्का. आज रात्री भावाचा फोन येईल, तेव्हा जेवलास का विचारायच्या आधी सांगा, बाबा, खंडाळा उतरताना गाडी गिअरमध्ये ठेव.