भूमिका नऊ, हशा एक

साजिद खानचा 'हमशकल्स' (२०१४) आठवतो? सैफ अली खान, रितेश देशमुख, राम कपूर. प्रत्येकाच्या तीन-तीन भूमिका. म्हणजे तिकीट एक, डोकेदुखी नऊ. औषध पाजलेले नायक कुत्र्यासारखे वागतात, मग त्यांची रवानगी मनोरुग्णालयात. तिथल्या रुग्णांना बघून आपण खो खो हसायचं, अशी अपेक्षा. तेवढ्यात शेजारच्या काकांनी समोशाची हिरवी चटणी थेट पांढऱ्या शर्टावर सांडली, तेव्हा कुठे आमची रांग हसली. असला 'बोल्ड' विनोद पचवायला काळीज लागतं म्हणे. (आमचं त्या दिवशी घरीच राहिलं असावं.) पुढे खुद्द सैफनेच हा सिनेमा म्हणजे चूक होती, अशी कबुली दिली. विनोद फर्मास होता, टायमिंग तेवढं चुकलं: सिनेमा आपटून झाल्यावर आला.