गरवायला शिकाऊ हवा

नोकरीतून सुटलेला कोकणी माणूस गावी परतला की पहिल्या वर्षी घराचं छप्पर बघतो, दुसऱ्या वर्षी भाऊबंदांच्या सातबाऱ्यात डोकं घालतो आणि दोन्हींतून हाती काही लागत नाही असं दिसलं की तिसऱ्या वर्षी खाडीवर जातो. तिथेही हाती काही लागत नाही, पण निदान कोर्टाची तारीख पडत नाही.

आमचे नाना याच वाटेने भाट्याच्या खाडीवर आले. 1981 साली रत्नागिरी सोडून मुंबईला विमा कचेरीत चिकटले ते थेट निवृत्त होऊन परतले. मधल्या काळात गरीला हात लावला नाही. मुंबईत समुद्र होता, पण तो लोकलमधून उतरून ऑफिस गाठताना आडवा येणारा. हात थांबले तरी तोंड मात्र थांबलं नव्हतं. विशीत या खाडीत एकट्याने काढलेला जिताडा ते आयुष्यभर सांगत आले. दर दहा वर्षांनी तो मासा वीतभर वाढायचा. यात नानांचा फारसा दोष नाही, जिताडा जातीनेच दीड मीटरच्या पुढे जातो. नानांच्या जिताड्याला अजून वाढायला जागा होती.

परतून गरवणाऱ्याची अडचण अशी की तोंडाला सगळं आठवतं आणि हाताला काहीच नाही. खाडीच्या काठावर राजिवड्याची पोरं बसलेली असतात. बाटलीला गुंडाळलेली तंगूस, एक गरी, शिशाचा एक तुकडा, बस्स. त्यांनी खाडी कधी सोडलीच नाही. माणूस काठी कशी धरतो एवढं बघूनच त्यांना त्याची कुंडली कळते. त्यांच्या शेजारी बसणं नानांना परवडणारं नव्हतं. जाणत्यांपुढे विसरलेला माणूस उघडा पडतो. तोच अजाणत्यापुढे बसला की गुरुवर्य ठरतो. म्हणून नानांनी आधी विद्यार्थी शोधला आणि मग काठी.

विद्यार्थी सोसायटीतच मिळाला. एका सरकारी बँकेत बदली होऊन आलेला, लातूरचा. 2016 च्या उन्हाळ्यात त्याच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, तेव्हा हा घागर घेऊन रांगेत उभा होता. असा माणूस भाट्याच्या पुलावर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "काका, एवढं पाणी आन् पिता येत नाही?" नानांना गहिवरून आलं. इतका कोरा माणूस आजकाल मिळत नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव 'लातूरकर' पडलं. मी पिशवी धरायला तिसरा. काठी हाती घेणार नाही, ही माझी अट पहिल्याच दिवशी मान्य झाली होती. प्रेक्षकही लागतोच.

माळ्यावरून नानांचं जुनं सामान निघालं. बांबूच्या काटकीला गुंडाळलेली तंगूस हात लावताच तुटली. बिस्किटांच्या डब्यातल्या गऱ्या गंजून एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की त्या वेगळ्या करायला लोहार लागला असता. "तेव्हाचा माल बघ, अजून एकत्र आहे," नाना म्हणाले. मग नवी खरेदी झाली. दुकानातल्या पोराने विचारलं, "स्पिनिंग की बेटकास्टिंग?" नानांनी क्षणभर विचार करून सांगितलं, "मजबूत."

आता भरतीचं गणित. नानांचा खरा दरारा इथे होता. कोकणात हे हिशेब पंचांगावर चालतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा, वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. पुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून नाना हे सांगत तेव्हा लातूरकर वहीत उतरवून घेई. त्या दिवशी षष्ठी होती.

"सहाची पाऊणपट किती?"

"साडेचार. पण काका, मोबाईलमध्ये चार दहा दाखवायलंय."

नानांनी मोबाईलकडे न बघताच सांगितलं, "मधल्या वीस मिनिटांत चहा घ्यायचा असतो."

काठावर पोचल्यावर पहिला पेच गाठीचा. गरीला तंगूस बांधायची गाठ नानांच्या बोटांतून केव्हाच निघून गेली होती. चाळशी घरी राहिली होती, हे एक बरं झालं. एक फेरा घेतला, दुसरा घेतला, मग चार फेरे सोडले आणि गरी लातूरकरापुढे धरली. "तू बांध. बघू या किती येतंय." लातूरकराने आदल्या रात्री व्हिडिओ बघून ठेवला होता. त्याने पाच वेढे घातले, टोक फासातून ओवलं, थुंकी लावून गाठ ओढली आणि ती घट्ट बसली. नानांनी ती दुरून, वयाला शोभेल अशा गांभीर्याने तपासली. "ठीक आहे. मीही अशीच घातली असती."

मग काठी फेकणं. लातूरकराची पहिली गरी मागच्या कांदळात गेली, दुसरी माझ्या पिशवीत. तिसरी मात्र पाण्यात पडली आणि त्याने एवढी उडी मारली की पलीकडच्या पोरांनी माना वळवल्या. नानांची पहिलीच फेक सुंदर गेली. अगदी सुंदर, खांद्यातून निघालेली, त्या क्षणी मला चाळीस वर्षांपूर्वीचा पोरगा दिसला. फक्त रिळाची कडी उघडायची राहिल्यामुळे शिसं तुटून एकटंच पैलतीराकडे गेलं. "अंदाज घेतला," नाना म्हणाले.

गरवताना बोलायचं नसतं, हा नानांचा पहिला नियम. तो त्यांनी भरती पूर्ण होऊन पाणी परतू लागेपर्यंत विस्ताराने समजावून सांगितला. पाण्यात आवाज हवेपेक्षा वेगाने जातो, माशाला कान दिसत नसले तरी असतात, पूर्वीची माणसं खाकरतही नसत, नानांचे एक मामा तर शिंक आली की पुलावरून उलट्या दिशेला तोंड करत. अधूनमधून बोयी पाण्याबाहेर उड्या मारत होत्या, चांदीचे तुकडे उडवल्यासारख्या. लातूरकर कासावीस झाला. "काका, त्या तिथं हायेत की! तिकडंच टाकू ना?" इथे मात्र नानांनी एका वाक्यात सांगितलं: बोय गरीला सहसा लागत नाही, ती गाळ आणि शेवाळ खाते, तिला पाग टाकावा लागतो, आपल्या कोळंबीकडे ती बघणारही नाही. हे खरं होतं. खरं असलं की नाना थोडक्यात सांगतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आमची कोळंबी कुणी खातच नव्हतं असं नाही. दर पाच मिनिटांनी गरी वर काढली की ती स्वच्छ, धुतल्यासारखी निघे. हे काम खेकड्यांचं. बाजारभावाने हिशेब केला तर त्या आठवड्यात आम्ही भाट्याच्या खाडीतल्या खेकड्यांना बऱ्यापैकी मेजवानी दिली. घरी काकूंना याची कल्पना होती. आम्ही निघालो की त्या बाजारातून सुरमई आणून ठेवत. त्याला अविश्वास म्हणू नये. ते नियोजन होतं.

पहिला मासा लागला तो लातूरकरालाच. काठी वाकली, तो ओरडला, "काका, काहीतरी ओढायलंय!" आणि वर आला हातभर शिंगाळा, मिशा हलवत. आनंदाने वेडा झालेला हा माणूस त्याला उचलायला वाकला आणि नाना गर्जले. मी त्यांचा तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. पायातली चप्पल काढून त्यांनी ती माशावर दाबली, रुमाल गुंडाळला, पाठीवरचा एक आणि बाजूंचे दोन काटे बोटाने दाखवले, मग मनगटाला एक हलका झोल देऊन गरी अशी सोडवली की जणू काल संध्याकाळीही हेच केलं होतं. "हे काटे विषारी. लागला तर रात्रभर नाचशील. गरम पाण्यात हात धरून बसावं लागतं." बोटांना गाठ आठवली नव्हती. शिंगाळा आठवला. एकदा काटा लागलेल्या हाताला तो आठवतो म्हणतात. पलीकडची पोरं पहिल्यांदाच नानांकडे मान डोलावून बघत होती.

एवढ्यावर थांबले असते तर ते नाना कसले. घरी पोचेपर्यंत ही घटना जिन्यात दोनदा, दूधवाल्याला एकदा आणि वॉचमनला प्रात्यक्षिकासह सांगून झाली. प्रात्यक्षिकात शिंगाळ्याची भूमिका माझ्या चपलेने केली.

पुढच्या खेपेला केंड लागला. तो काठावर येताच फुगून गोळा झाला. लातूरकर म्हणाला, "काका, हे रागावलंय." तळायचा का, असंही विचारून बसला. नानांनी केंडाच्या विषाबद्दल जे सांगितलं त्यानंतर तो आठवडाभर हॉटेलातली मासळीही हुंगून खात होता. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यालाही त्याने एकदा घाबरून हात जोडले. ती बंदी यांत्रिक नौकांना आहे, काठावर काठी घेऊन बसणाऱ्या माणसाला सरकारने अजून धोक्याचं मानलेलं नाही, हे त्याला पटवायला मला मधे पडावं लागलं.

असं सगळं ठीक चाललं होतं. बिघडलं ते लातूरकराच्या बँकेच्या सवयीने. त्याने वहीतलं सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. तिथी, भरतीची वेळ, पाणी गढूळ की निवळ, आमिष कोणतं, काय लागलं. रकाने, बेरजा, रंग. मग तो प्रश्न विचारू लागला.

"काका, अष्टमीच्या भांगाला पाणी हलत नाही, म्हणून मासा लागत नाही म्हणालात. पण गेल्या अष्टमीला दोन तांबोश्या लागल्या."

"अपवाद."

"त्याच्या आधीच्या अष्टमीलाबी एक."

"तोही."

नाना सावध झाले. शिष्याने विचारावं, पण रकाने पाडून विचारू नये, असं त्यांचं मत मला जिन्यात ऐकायला मिळालं. खरा घाव पुढे होता. एका संध्याकाळी नाना जिताड्याची गोष्ट सांगत होते, नव्या लांबीसह. लातूरकर ऐकत होता, मग हळूच म्हणाला, "काका, मी वाचलं, जिताडा लहानपणी नर असतोय. मोठा झाला की मादी होतोय."

नानांनी काठी खाली ठेवली.

"म्हणजे तुमचा तो एवढा मोठा..." लातूरकर जरा घुटमळला, "ती बाई होती, काका."

मी त्या खाडीवर इतकी शांतता कधी अनुभवली नव्हती. वर टेकडीवर थिबा राजवाडा होता. ब्रह्मदेशाचा राजा हद्दपार होऊन इथे आला आणि 1916 मध्ये इथेच गेला, त्याच्याकडेही एवढा विचार करायला विषय नसेल. बऱ्याच वेळाने नानांनी गोष्ट पुन्हा सुरू केली, या वेळी स्त्रीलिंगात. "मग ती आली... तिने तंगूस ओढली..." दोन ठिकाणी अडखळले आणि थांबले. सगळ्या झुंजीची हवा गेली होती. नंतर त्यांनी तो मासा सांगणंच कमी केलं. निदान लांबी स्थिर राहिली.

तरीही नानांना लातूरकराचा राग आला नाही. उलट त्याने चांगला तीन किलोंचा जिताडा काढला तेव्हा वजनकाट्यावर तोच पहिला धावला नाही, नाना धावले. "माझा विद्यार्थी" म्हणून वॉचमनपासून सुरुवात झाली. मासा कुणाला लागला, याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना लागलं ते वेगळंच. एका रविवारी लातूरकर आमच्या आधी येऊन बसला होता. गरी बांधलेली, आमिष लावलेलं, काठी टाकलेली, भरतीची वेळ काढलेली. आम्ही पोचलो तरी त्याने काहीच विचारलं नाही. नुसता हसला आणि बाजूला सरकून जागा दिली.

नाना शेजारी बसले, पाण्याकडे बघितलं, पंचमी म्हणजे पावणेचार असं म्हणाले. लातूरकर "हो काका" म्हणाला. पुढे काय बोलायचं? "बोलायचं नसतं" हा नियम शेवटी त्या दिवशी पाळला गेला. घरी परतताना नाना मला म्हणाले की लातूरकर हुशार आहे, पण हल्ली त्याच्यात काही राहिलं नाही.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या मजल्यावर नवा भाडेकरू आला. यवतमाळचा, शाळेत शिक्षक. पोहता येत नाही. समुद्र एकदा सहलीत पाहिलेला, तोही बसच्या खिडकीतून. सामान अजून जिन्यात होतं तेव्हाच नानांनी त्याला गाठलं, हातात जादा काठी होती. मी मागे पिशवी घेऊन उभा.

"गुरुजी, तिथीची पाऊणपट करता येते?"

"येते की. पण कशाला?"

नानांचा चेहरा पंधरा दिवसांनी उजळला होता. त्यांनी सगळं सांगितलं: भरती, भांग, तंगूस, शिंगाळा. गुरुजी ऐकत होते, डोळे मोठे होत होते. शेवटी ते संकोचून म्हणाले, "पण नाना, मी मासे खात नाही."

"मग तर प्रश्नच मिटला," नाना म्हणाले, "आम्हालाही क्वचितच खायला मिळतात."