बिनकुलपाची सायकल

पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून मी पर्यावरणवादी झालो. सोनई ते शिंगणापूर पाच-सहा किलोमीटर, रस्ता सपाट, नोकरी बसून करायची. सायकलला आणखी काय लागतं? सहा हजार रुपये. तेवढे होते. पण माझी खरी अडचण पैशाची नव्हती. सायकल अशी हवी होती की ती पाहून कुणी ‘गाडी विकली का?’ असं विचारू नये. ‘डॉक्टरांनी सांगितलंय का?’ असं विचारलेलं चालेल. त्यात निदान ऐपत दिसते.

दुकानदारानं आधी काळी, दांडीची काढली. ‘मागं पोतं टाका, माणूस टाका, हूं की चूं करणार नाही.’ मजबुतीबद्दल वाद नाही, पण त्या सायकलवर बसलेला माणूस आपोआप १९७५ सालातला दिसतो. मी जाणकाराच्या सुरात ‘अ‍ॅटलास नाही का?’ असं विचारलं. त्यानं कीव केल्यासारखं पाहिलं. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनाच्या मुहूर्तावर.

मग आली जाड टायरची, शॉकअपवाली, एकवीस गिअरची. आमच्या रस्त्याला एकवीस गिअर म्हणजे वरणभाताला काटे-चमचे. मडगार्ड नाही, कॅरियर नाही. डबा कुठं ठेवायचा? ‘सॅक लावा पाठीला, सर.’ सायकलवरचा जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरात बारावरून पाच टक्क्यांवर आला, हेही त्यानं सांगितलं. तरी ती माझ्या आवाक्याबाहेरच उभी होती, एका पायावर, ऐटीत.

त्यात तो वार शनिवार. शनिवारी लोखंड घेऊ नये म्हणतात. इतर गावांत हा नियम थोडा सैल असेल, पण ज्याचा पगारच शनिदेवाच्या दारातून येतो, त्यानं काय करावं? ‘याची रीम अलॉयची आहे,’ दुकानदार म्हणाला, ‘अलॉयला चालतं.’ हे शास्त्र त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. वर ‘कुलूप देऊ का?’ झालं! शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, अशी जुनी रीत. २०११ साली तिथं युको बँकेची शाखा निघाली, तीही ‘बिनकुलपाची’ म्हणून गाजली. अशा गावी मी सायकलला साखळदंड घालणार? म्हणजे भर चौकात देवावर अविश्वास ठराव मांडल्यासारखंच. पण सायकल रात्री मुक्कामाला सोनईत. इथं घरोघरी कड्या-कुलपं. मग देवाची हद्द नेमकी कुठं संपते? ग्रामपंचायतीच्या शिवेवर? आणि चोरानं सायकल शिंगणापुरात उचलून सोनईत विकली, तर साडेसाती कुणाला, त्याला की घेणाऱ्याला? कायद्यात चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार असतो. देवाकडंही काही कलम असणारच. या विचारात अर्धा तास गेला. दुकानदारानं तेवढ्यात दोन पंक्चर काढली.

शेवटी त्यानं सायकलींच्या मागं बसवायचे लाल रिफ्लेक्टर दाखवले, आणि तिथं मात्र माझं डोकं फिरलं. सहा हजारांच्या सायकलला रिफ्लेक्टर, आणि उसाच्या डबल ट्रॉलीला? हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला ट्रॉली पंक्चर होऊन उभी असते. ना दिवा, ना लाल चिंधी, मागं हातभर बाहेर आलेला ऊस. चाकाला दगड लावलेले. टायर बदलून ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच. अंधारात सायकलवाला त्यावर जातो आणि दवाखान्यात लोक त्यालाच विचारतात, ‘दिसलं नाही का?’ अरे, ज्यानं ठेवला त्याला विचारा की कधीतरी! दुकानदार काही बोलला नाही. त्यानं जास्तीचा एक रिफ्लेक्टर काढून काउंटरवर ठेवला, फुकट.

रविवारी पुन्हा गेलो, तेव्हा कोपऱ्यातली नीट पाहिली. पुढं जाळी, म्हणजे डब्याची सोय. मागं कॅरियर. चेनकव्हर पुरतं बंद, पँटला ग्रीस लागायचं नाही. दांडी खाली, गुडघ्याला त्रास नाही. किंमत बजेटात. मला जे जे हवं होतं ते सगळं एका सायकलीत होतं, आणि ती सायकल जांभळी होती. चेनकव्हरवर दोन फुलपाखरं.

‘कुणासाठी?’ दुकानदारानं पाना हातात घेत विचारलं.

दुकानात आणखी तिघं होते. ‘घरच्यांसाठी,’ मी म्हणालो.

त्यानं सीट खाली बसवली, बिल हिच्या नावानं केलं. मी घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. हिनं दारातच सायकलला हळदकुंकू लावलं. ‘माझ्यासाठी?’ असं इतक्या कौतुकानं विचारलं की लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला दुसरं उत्तर सुचेना.

आता ती दळणाला नेते, मंडईला नेते, रविवारी घोडेगावला माहेरी नेते. मी नोकरीला मागून नेतो. सीट वर करायची नाही, ही अट. कुलूप हिनंच आणलंय आणि किल्ली हिच्या कमरेला. त्यामुळं शिंगणापुरात सायकल दिवसभर उघडी उभी असते. येणारेजाणारे आदरानं पाहतात. परवा एक भाविक शेजाऱ्याला म्हणाला, ‘बघा, श्रद्धा असावी तर अशी.’ मी नुसते हात जोडले.